डोले! झाकले!

प्लाझ्मा म्हटल्यावर तुम्हाला आधी ब्लड बँक आठवली असणार. नाहीतर कुणाच्या तरी हॉलमधला जुना मोठा टीव्ही. दोन्ही नाही. आणि वेल्डिंगच्या शेडमधला म्हातारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एक गरीब, सच्चा, फाटक्या बनियनमधला कारागीर उभा राहिला असणार, जो शेवटच्या पानावर खोकत खोकत जातो आणि तुम्ही नाक पुसता. तोही नाही. रुमाल खिशातच ठेवा. आमचा दादूस करोडपती होता, त्याच्या गळ्यात बैलाला बांधता येईल एवढी जाड सोन्याची चेन होती, आणि तो गेलाबिला नाही, अजून टुणटुणीत आहे. जाणार होता, एका दुपारी, माझ्यासमोर. ते मी सांगणारच आहे. पण आत्ताच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, मी ओळखतो तुम्हाला.

दादूस आगरी. आगरी घरात मोठ्या भावाला दादूस म्हणतात. हा माझ्या बापाच्या वयाचा, पण पनवेलच्या त्या पट्ट्यात शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा दादूसच. बापजाद्यांची भातशेती आणि मिठागरं सरकारी प्रोजेक्टमध्ये गेली, बदल्यात प्लॉट आले, प्लॉटवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, पोरं बिल्डर झाली. पोरं एसी ऑफिसात बसायची. आणि बाप त्याच बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये, जळक्या भोकांची चाळण झालेला लेदरचा कोट घालून, हातात प्लाझ्मा टॉर्च धरून लोखंड कापत बसायचा. बिल्डिंगमधले भाडेकरू आवाजाची तक्रार घेऊन खाली यायचे, आणि समोर कोट घातलेला मालकच बघून "काही नाही, सहज आलो होतो" म्हणून वर जायचे.

"दादूस, गरज काय तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"बिल्डिंग भाडा देते रं, पन बोलत नाय," तो म्हणाला. "निली बोलते."

निली कोण, ते थांबा जरा.

मी आयटीआय करून तिथे कामाला लागलो तो पहिला दिवस. मी शेडच्या दारात उभा, हातात सर्टिफिकेट. दादूसनं सर्टिफिकेटकडे बघितलंसुद्धा नाही. गळ्यातली चेन काढली आणि सरळ माझ्या गळ्यात घातली. मी हादरलो. मला वाटलं, आता हा बोंब मारणार, चोर चोर म्हणून, आणि माझी धुलाई होणार. पनवेलमध्ये काही सांगता येत नाही.

"धर. जरा शेठ हो," तो म्हणाला आणि तोंडावर वेल्डिंगचा हुड, म्हणजे काळ्या काचेचा मुखवटा, पाडून कापायला बसला.

नंतर कळलं, ही रोजची पद्धत. टॉर्च हातात घ्यायची तर अंगावर धातू नको. पण चेन काढून खुंटीला टांगायची नाही. "सोना खुंटीला टांगला तं रुसतो." म्हणून जवळ जो असेल त्याच्या गळ्यात. शेडमध्ये आलेला कुरियरवाला, वीजमीटर बघायला आलेला माणूस, एकदा तर खिडकीतून डोकावणारा शेजाऱ्याचा बोकड. सगळे थोडा थोडा वेळ शेठ होऊन गेले. आणि शेठ असेपर्यंत माणसानं काम करायचं नाही, हा नियम. शेठ काम करतो का? खुर्चीत बसायचं, पाय हलवायचे, आणि दादूस कापताना बघायचं. म्हणजे बघायचं नाही. ते पण सांगतो.

तर निली. निली म्हणजे प्लाझ्मा टॉर्च. कॉम्प्रेसरची हवा आणि करंट एकत्र येऊन तोंडातून जी बारीक निळी ज्योत निघते, तिच्यावरून. आगरी बोलीत 'ळ' नाही, सगळा 'ल'. निळीची निली. जाड पत्रा खरवस कापावा तसा कापायची. दादूस तिला मशीन म्हणू द्यायचा नाही.

खारघरला टॉवरमध्ये राहणारे एक सर होते, आमचं गिऱ्हाईक. बाल्कनीचं ग्रिल बनवून घ्यायला पहिल्यांदा आले, तेव्हा दादूस आत मला ओरडून सांगत होता, "अरं, निली लय गरम झालीय, तिला जरा हवा दे! आन तिचा तोंड बग, पार गेलाय, उद्या नवीन आनू!"

सर दारातच थिजले. एकदा माझ्याकडे, एकदा आतल्या अंधाराकडे. "मी... नंतर येऊ का?" त्यांचा आवाज असा, जसा पहिल्या बाकावरचा मुलगा चुकून मागच्या बाकावरच्यांची वही उघडतो. (हा आवाज मी अजून हळदीच्या कार्यक्रमात काढतो. हमखास हशा.)

मोजमाप दादूस मासळीत करायचा. टेप होती, पण ती मला. त्याचं स्वतःचं सगळं बाजारातलं. "हा पाईप बोंबलासारखा वाकलाय." "भोक कोलंबी जाईल यवढा कर." आणि अगदी बारीक, केसभर फरक असला की "जवलाभर". जवळा म्हणजे ती इवलीशी सुकी कोलंबी. "जवलाभर अजून काप." कापून उरलेल्या पत्र्याची तो पापलेटं पाडायचा. रिकामा वेळ मिळाला की निली हातात, शूऽऽ, आणि एक लोखंडी पापलेट खाली टणकन पडलं. शेडच्या कुंपणाला अशी पापलेटं लटकवलेली. वारा आला की वाजायची, आणि बाहेरची मांजरं खाली बसून वर बघत राहायची. रोज. मांजरांनी आशा सोडली नाही, दादूसनंही नाही.

कापायचं काम त्याचं, जोडायचं माझं. त्यावरही त्याचं म्हणणं होतं. "कापनारा वरडला तं चालतो. जोडनारा गप पायजे. तुजा तोंड कापनाऱ्याचा हाय रं. चुकून जोडायला आलास."

कारण मी गप बसायचोच नाही. मी नकला करायचो. शाळेत सरांच्या करायचो, आयटीआयमध्ये प्रिन्सिपलच्या, इथे आल्यावर सगळ्यांच्या. दादूसची नक्कल तर आठवड्यात बसवली. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच म्हणायचा, "माजी कर, माजी कर." मी पोट पुढे काढून, चेन चाचपत, "निलीऽऽ" सुरू केलं की तो हसून हसून डब्यावर डोकं ठेवायचा. मग त्याच्या पोरांची कर, सरपंचाची कर, कॉम्प्रेसरची कर. कॉम्प्रेसर मी चांगला करतो.

आता 'डोले'.

कापायला सुरुवात करायच्या आधी दादूस हुड पाडायचा आणि आख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायचा: "डोलेऽऽ!" म्हणजे डोळे. म्हणजे डोळे झाका, आता लखलखाट होणार. आणि शेडमधल्या प्रत्येकानं हातातलं काम सोडून, तोंड फिरवून किंवा डोळ्यांवर हात घेऊन उत्तर द्यायचं: "झाकले!" उत्तर आलं नाही तर दादूस टॉर्च पेटवायचाच नाही. बसून राहायचा, हुडच्या आतून अंधारात. एकदा एक माणूस चहा आणायला गेला होता, तर हा तसाच बसून. माणूस आला, 'झाकले' म्हणाला, तेव्हा काम सुरू.

उत्तर आलं की टॉर्च एकदा हुडच्या कपाळाला टेकवायचा, नमस्कार केल्यासारखा. मग शूऽऽ.

तर आमच्याकडे बिहारहून एक नवीन गडी आला, ग्राइंडिंगला. जिमचा नाद. अंगात टी-शर्ट एवढा टाइट की त्यातली घडी पण दिसावी. पहिला दिवस. दादूसनं हुड पाडला आणि ओरडला, "डोलेऽऽ!"

आम्ही सगळ्यांनी "झाकले!" म्हणून तोंड फिरवलं.

गड्यानं काय केलं, दोन्ही हात वर केले, मुठी आवळल्या, आणि दंड फुगवून दाखवले. आणि दादूसकडे तोंड करून, हसत. हिंदीत डोले म्हणजे दंड! त्याला वाटलं, मालक नवीन माणसाची बॉडी तपासतोय. आमच्या गलक्यात एक 'झाकले' कमी आहे ते हुडमधल्या दादूसला कळलंच नाही, आणि शूऽऽ. त्यानं निळी ज्योत उघड्या डोळ्यांनी, दंड फुगवून, अख्खी बघितली.

संध्याकाळपर्यंत काही नाही. मग रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी गडी शेडच्या कोपऱ्यात बाकड्यावर आडवा, डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या. आमच्याकडे हाच उपाय. त्या दिवसापासून त्याचं नाव डोल्या पडलं ते पडलंच. आणि तो चकत्या ठेवून पडलेला असताना गेटमधून आवाज आला, "आमी आलूऽऽ!"

डोल्या चकत्यांखालूनच कळवळला. "और आलू? नहीं भाई, बस हो गया!"

ती वयनी होती. दादूसची बायको. रोज दुपारी स्कूटीवर डबा घेऊन यायची. ठिणग्यांना घाबरायची, म्हणून शेडमध्ये पाऊल टाकायची नाही, गेटमध्येच उभी राहून हाक द्यायची: "आमी आलूऽऽ!" म्हणजे आम्ही आलो. एकटीच असायची. "आमी कोण वयनी?" मी विचारलं तर म्हणाली, "मी आन डबा."

त्या हाकेची जादू बघायची. दादूस हुडमध्ये असला, कॉम्प्रेसर धडधडत असला, ग्राइंडर किंचाळत असला, की त्याला बाकी काही ऐकू जायचं नाही. पोरगा येऊन मागे उभा राहून बोंबलला तरी नाही. पण गेटातून "आमी आलूऽऽ" आलं की खटका पाडल्यासारखा हात थांबायचा. ट्रिगर सुटला, टॉर्च बाजूला, हुड वर, तोंड गेटाकडे. आणि तोंडावर हसू. डबा दिसल्यावर पोरं हसतात तसलं.

मला राहवलं नाही. नकलाकाराला कसं राहवणार? एकदा जेवताना दादूस म्हणाला, कर कोनाची तरी. मी उठलो, पदर खोचल्यासारखं केलं, मान वाकडी केली आणि सुरू केलं, "आमी आ..."

पुढे जाताच आलं नाही. दादूसचा चेहरा. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. घास हातात तसाच. उठून माझ्याकडे आला, मला वाटलं आता कानाखाली पडणार. पण त्यानं हळू आवाजात सांगितलं. तो हळू बोलू शकतो हेच मला तेव्हा कळलं, आणि त्याचाच जास्त धक्का बसला.

"माजी कर. पोरांची कर. देवाची कर. पन त्या हाकंला हात लावायचा नाय."

"सॉरी दादूस. मजेत..."

"मजा नाय." तो बाकड्यावर बसला. "आदी मी डोलेबिले काय वरडत नव्हतू. ती डबा घेऊन आलेली, तिथं उभी. मना काय म्हाईत? मी पेटवला. रातभर ती वरडत होती. दोन दिस डोले उघडले नाय. मी तिला भात भरवलाय, या हातानं. ती मना बोलली, भरव, पन तू कसा दिसतंस ता मी विसरलंय." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "तवापास्न ती आदी हाक मारते, आन मी थांबतंय. मी बघत नाय, इचारत नाय. हाक आली, हात थांबला. ती हाक कोनी खोटी मारली, तं मना सवय लागंल, हां, येडा पोरगा हाय, चालू दे. आन एक दिस खरी यंईल."

मी मान हलवली. दादूसनं माझ्या पाठीवर थाप मारली, "आता कॉम्प्रेसर कर," म्हणाला. मी केला, पण त्या दिवशी कॉम्प्रेसर नीट लागला नाही.

मग ती दुपार.

तेच खारघरचे सर आले. आता ते निलीला सरावले होते, "निलीताई कशा आहेत?" विचारायचे. सरांनी आपटा गावात नदीकाठी फार्महाऊस घेतलं होतं. आणि फार्महाऊस घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट सुचते. आडवा ड्रम, उभा चिरून, खाली कोळसे, वर जाळी.

"दादूस, बार्बेक्यू बनवायचाय."

"बारबिकू," दादूस म्हणाला. "पोपटी लावा नं सर. मडका, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला. बारबिकूत काय हाय?"

"ते पण लावू. पण मिसेसला बार्बेक्यू हवाय."

मग विषय संपला. सरांनी टेम्पोतून एक बंद ड्रम उतरवून आडवा ठेवला. पत्र्याचा, मोठा, निळा.

"आत काय होता?" दादूसनं विचारलं.

"माहीत नाही, भंगारवाल्याकडून घेतला. पण मी वॉश करायला सांगितलं होतं. क्लीन आहे."

दादूस हसला. बंद ड्रमच्या बाबतीत तो कुणाचंच ऐकायचा नाही, स्वतःच्या बापाचंही ऐकलं नसतं. शेडमधला सगळ्यात कडक नियम तोच. बंद ड्रम कापायचा तर आधी आडवा ठेवायचा, वरच्या भोकातून काठोकाठ पाणी भरायचं, मग निली. कारण आत थिनर, ऑइल, काही असलं आणि ते सुकलेलं दिसलं, तरी त्याचा वास आत कोंडून बसलेला असतो. एक ठिणगी आत गेली की ड्रम राहत नाही, बॉम्ब होतो. पाणी भरलं की वासाला बसायला जागाच नाही.

"डोल्या, ड्रममदी पानी भर," दादूसनं सांगितलं आणि चेन काढून माझ्या गळ्यात घातली. मी शेठ झालो. खुर्चीत बसलो, पाय हलवायला लागलो. दादूस कोट घालत, पट्टे बांधत, सरांना पोपटीचं महत्त्व सांगत बसला.

आता एक गोष्ट. दादूसचं आणि डोल्याचं पहिल्या दिवसापासून जमायचं, त्याचं एक कारण 'पानी'. आम्ही पनवेल गावातले 'पाणी' म्हणतो. दादूस 'पानी' म्हणतो, डोल्याही 'पानी' म्हणतो. "यो माज्यासारखा बोलतो," दादूसला कौतुक. तर डोल्याला आधी तहान लागली होती. पाइप नळापाशी गुंडाळून तसाच होता, म्हटलं आधी पिऊन घेऊ, मग भरू. त्यानं मोठी बाटली नळाखाली धरली, भरली, झाकण लावलं. तेवढ्यात दादूसनं कोटाचा शेवटचा पट्टा बांधत, त्याच्याकडे न बघता विचारलं:

"पानी हाय कं?"

आणि डोल्यानं, हातातली बाटली वर करून, खणखणीत आवाजात उत्तर दिलं:

"है दादूस! फुल है!"

दादूसनं कॉम्प्रेसर सुरू केला. अर्थिंगचा चिमटा ड्रमला लावला. हुड पाडला. हुड पाडला की टॉर्च पेटेपर्यंत आतून काळाकुट्ट अंधार, काहीच दिसत नाही.

"डोलेऽऽ!"

"झाकले!" सर म्हणाले, डोळ्यांवर दोन्ही हात. "झाकले!" डोल्या म्हणाला आणि भिंतीकडे वळला. वळताना त्याचा पाय अर्थिंगच्या वायरीत अडकला. वायर ताणली गेली.

"झाकले," मी म्हणालो. आणि मी बघितलं.

ड्रम डोलला.

पाळणा हलतो तसा. इकडे, तिकडे, इकडे. पाणी भरलेला ड्रम म्हणजे हत्ती असतो, तीन माणसांना हलत नाही. हा एका वायरीच्या झटक्यानं डोलत होता. आणि दादूस त्याच्यासमोर उकिडवा बसून निली कपाळाला टेकवत होता.

मी ओरडलो. म्हणजे, ओरडलो असं मला वाटलं. "थांबा" म्हणून तोंड उघडलं आणि आतून काहीतरी उंदराएवढं बाहेर पडलं. कॉम्प्रेसरनं ते तिथेच खाल्लं. मी पुन्हा तोंड उघडलं. आवाजच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढत फिरलो, आणि वेळ आली तेव्हा स्वतःचा कुठे ठेवलाय तेच सापडेना. मधे लोखंडाचा ढीग, पाय जमिनीला वेल्डिंग केल्यासारखे. निली कपाळावरून खाली आली. तोंड ड्रमच्या पत्र्याजवळ गेलं. जवळाभर अंतर.

"आमी आलूऽऽ!"

माझ्या तोंडातून आलं ते. मी ठरवून काढलं नाही. ते आतून आलं, तसंच्या तसं, गेटातल्या स्कूटीच्या स्टँडच्या आवाजासकट म्हटलं तरी चालेल.

हात थांबला.

ट्रिगर दाबलाच गेला नाही. टॉर्च बाजूला. हुड वर. तोंड गेटाकडे. आणि तोंडावर ते हसू.

गेटात कुणी नव्हतं. सरांची गाडी, आणि पापलेटांखाली बसलेली मांजर.

"कुठं गेली?" दादूस म्हणाला.

माझा आवाज अजून परत आला नव्हता. मी फक्त ड्रमकडे बोट दाखवलं. दादूसनं बघितलं. मग एक बोट ड्रमला लावून ढकललं. ड्रम डोलला. दादूस बघत राहिला. उठून त्यानं वरचं झाकण फिरवून काढलं, आणि भपकन वास आला. थिनर. डोळे चुरचुरावेत असा, शेड भरून टाकणारा.

मी जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. पापलेटं सुद्धा वाजत नव्हती. सरांनी डोळ्यांवरचे हात काढले, वास आला, आणि ते पॅन्टचा विचार न करता तिथेच जमिनीवर बसले. "मी तर वॉश..." म्हणाले आणि पुढचं विसरले. डोल्या बाटली छातीशी धरून उभा. "दादूस, आपने पूछा पानी है... मेरे पास था... मैंने बोला है..." सगळी बॉडी कुठे गेली होती कुणास ठाऊक, टी-शर्ट सैल वाटत होता.

दादूसनं निलीला जमिनीवर ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं. मग तो माझ्याकडे आला. माझ्या गळ्यातल्या चेनला हात लावला. मला वाटलं, आता ही चेन मला बक्षीस. नाही म्हणायचं दोनदा, मग घ्यायची, असं मी ठरवून पण टाकलं.

त्यानं चेन काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

"झाकले बोललास कं नाय?"

"बोललो."

"मंग ड्रम डोलला ता कोनी बघितला? तुज्या आज्यानं?"

"दादूस, एक डोळा जरा..."

"एक डोला!" आता तो ओरडला, आणि खरं सांगतो, त्याचा आवाज परत आल्याचं ऐकून मला बरं वाटलं. "मी डोले बोलतंय, डोला नाय बोलत! दोन असतात मानसाला! रोज एक उघडा ठेवून झाकले बोलतंस? मी कोनाच्या भरवशावर पेटवतंय हितं?"

"पण दादूस, उघडा होता म्हणूनच..."

"तोंड बंद! आन ती हाक!" इथे त्याचा आवाज फाटला. "तुना सांगितलाता. त्या हाकंला हात लावायचा नाय. आता खरी आली तं मी कसा वलखू? बोल. कसा वलखू?"

मी खाली बघत उभा राहिलो. आणि तेवढ्यात आवाज आला:

"आमी आलूऽऽ!"

दादूस गर्रकन माझ्यावर फिरला. "परत? थोबाड फोडीन!"

मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. डोल्यानं हळूच गेटाकडे बोट केलं. "दादूस... ये असली है."

वयनी गेटात उभी. एका हातात डबा. "कोनाचा थोबाड फोडतंस? मी आले तं थोबाड फोडतंस?"

शेवटी डोल्यानंच सगळं सांगितलं, हिंदीत, हातवारे करत, ड्रम हलवून दाखवत. वयनी ऐकत होती. मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. ती शेडच्या आत आली. ठिणग्यांची राख तुडवत सरळ दादूसपाशी. डबा खाली ठेवला. पदरानं त्याच्या तोंडावरची काजळी पुसली, कपाळ, गाल, दोन्ही कान, जसं काय सगळं जागच्या जागी आहे का ते मोजत होती. दादूस लहान पोरासारखा उभा राहिला.

मग ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. मला वाटलं, चला, निदान इथे तरी पाठीवरून हात फिरणार.

"कर," ती म्हणाली.

"काय वयनी?"

"माजी हाक. मना आयकू दे."

मी दादूसकडे बघितलं. तो डबा उचलायला वाकला. मी घसा साफ केला आणि अगदी हळू, जेमतेम ऐकू जाईल असं केलं. "आमी आलू."

दादूसनं तेवढ्यात डबा उचलला होता. तो त्याच्या हातातून सुटला. मान आपोआप गेटाकडे वळली, आणि गेटातली वयनी तर त्याच्या शेजारीच उभी होती. ते तिनं बघितलं. मीही बघितलं. मग ती माझ्यावर जी तुटून पडली, ती सगळी मला लिहिता येणार नाही, लहान मुलं पण वाचत असतील.

"मी अशी वरडतंय? मेल्या, मी अशी कावल्यासारखी वरडतंय? यवरी वर्सं ती हाक माजी आन त्याची होती! आता तुज्या तोंडातनं गेली, उष्टी झाली! मना उष्टी हाक नको! वाचवलास, उपकार झाले, उद्या तुज्यासाठी खेकड्याचा कालवण आनतंय, ता गप गिलायचा! पन ती हाक आता तुजी. ठेव. मी मारनार नाय." ती वाकली, जमिनीवरून मुठीएवढा धोंडा उचलला, आणि गेटाकडे जाता जाता मागे वळून तो वर पत्र्यावर भिरकावला. धडाडधूम! मी कानांवर हात घेतले, डोल्या खाली बसला, आणि दादूसचा हात, रिकामाच, थांबला.

"उद्यापास्न मी आशी येनार! घे. आता कर धोंड्याची नक्कल!"